नियोजित साडेआठ

आई आरशासमोर उभी राहून नगरपरिषदेला उत्तरं देत होती आणि मी खाटेवर पाय हलवत वकील झाले होते.

"अर्जदार बाई," मी नाकातून आवाज काढला, "गावात एक रुग्णसेवा असताना दुसरी हवी कशाला?"

"कारण साहेब..." आईनं पदर सारखा केला. "कारण लोकांना..."

"मोठ्यानं बोला. सभागृह मोठं आहे."

"गप गं. कारण लोकांना ताटकळत बसावं लागतं."

"पुरावा?"

पिन लावणारा आईचा हात तिथंच थांबला. आरशातून तिनं माझ्याकडं बघितलं आणि मला कळलं, थट्टा संपली.

पुरावा सोमवारपर्यंत होता. चांगला सात माणसांचा होता.

ही गोष्ट तीन वर्षांपूर्वीची. आता मी बारावीत आहे आणि आमच्या कॉलेजात माझ्या हातातून माईक काढून घ्यायला दोन माणसं लागतात, पण तेव्हा मी नववीत होते आणि वर्गात हजेरीलासुद्धा 'उपस्थित' म्हणताना माझा आवाज घशातच बसायचा. कबड्डीच्या संघात होते, पण राखीव. बाहेर बसून पाण्याच्या बाटल्या सांभाळायचे.

बेलशिंगीत आमच्या आईला सगळे ओळखायचे ते शाळेच्या गाडीमुळं. सहा वर्षं तिनं पोरं नेली-आणली. त्या गाडीतूनच तिला ते दिसलं. सकाळी पोरं सोडायला जाताना शरीफा नानी मोमीन गल्लीच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसलेल्या असायच्या, आणि पोरं सोडून, भाजी घेऊन आई परत यायची तरी त्या तिथंच. नानींना सोमवार, बुधवार, शुक्रवार तालुक्याच्या इस्पितळात डायलिसिसला जावं लागायचं. तातडीची सरकारी गाडी अपघाताला, बाळंतपणाला. हे असलं रोजचं जाणं-येणं, प्लॅस्टरवाले, ऑपरेशन होऊन घरी निघालेले, सगळं हिंगमिरे शेठच्या तीन गाड्यांवर. नगरपरिषदेचा परवाना त्यांच्याकडंच होता.

आईनं शाळेची गाडी बदलून जुनी व्हॅन घेतली. मामानं तिला इतकी खाली पायरी जोडून दिली की नानींनासुद्धा पाय उचलावा लागू नये. मग आईनं परवान्याचा अर्ज केला आणि तिथं गाडं अडलं. नियम असा की ज्याच्याकडं आधीचा परवाना आहे त्याला हरकत घेता येते, आणि दुसरा परवाना द्यायचा तर गावाला गरज आहे हे सिद्ध करावं लागतं. हिंगमिरेंनी हरकत घेतली. पाच महिने आमची गाडी ताडपत्रीखाली उभी होती. शेजारच्यांच्या कोंबड्या तिच्याखाली अंडी घालायला लागल्या होत्या.

अखेर सुनावणी लागली मंगळवारची. डायलिसिसवाले सातही जण म्हणाले, आम्ही येतो, बोलतो. आणि सोमवारी संध्याकाळी शिपाई कागद घेऊन आला. हिंगमिरेंच्या वकिलांना मंगळवारी सवड नाही, सुनावणी बुधवारी अकराला.

"बुधवारी कसं चालेल हो?" आई त्या शिपायाला म्हणाली, जसं काही त्यानंच ठरवलं होतं. "बुधवारी तर सगळी तिकडं सुया टोचून पडलेली असतात!"

"वैजयंताताई, मी आपला कागद देणारा," तो म्हणाला आणि गेला.

बुधवारी अर्ज नामंजूर झाला तर तीन वर्षं पुन्हा करता येणार नव्हता.

"नानी तर म्हणाल्या, एक दिवस नाही गेले तरी चालेल, मी येते," मी त्या बुधवारी सकाळी खाटेवरून म्हणाले.

"खबरदार!" आई आरशातूनच ओरडली. "माझ्या परवान्यासाठी कुणी डायलिसिस चुकवलं तर तो परवाना मला नको. कळलं? आणि तू सरळ शाळेत जायचं."

पप्पा सूतगिरणीत पहिल्या पाळीला गेले होते. आई एकटीच कागदाची पिशवी काखेत धरून चालत गेली. पाठमोरी फार बारीक दिसत होती.

शाळा अकराची. मी साडेदहाला सायकल काढली आणि सरळ न जाता मोमीन गल्लीकडून वळवली. का ते विचारू नका. आईच्या बाजूनं काहीतरी करावंसं वाटत होतं आणि करण्यासारखं काही नव्हतं, तेव्हा माणूस उगीच लांबच्या रस्त्यानं जातो तसं.

आणि नानी तिथंच! हिरव्या खुर्चीत, मांडीवर डब्याची पिशवी.

"नानी, तुम्ही अजून इथं?"

"गाडी नाही आली ना बेटा. साडेआठपासून बसलीय. तुझी अम्मी गेली?"

"गेली."

"एकटीच?"

मी मान हलवली. नानींनी ओढणीनं तोंड पुसलं. "मी असती तर चार शब्द बोलली असती गं. आता या खुर्चीलाच सांग, जा म्हणावं."

पुढं साळी गल्ली. तिथं दोन खुर्च्या. मग देवळाचा चौक, तिथं तीन. प्रत्येक खुर्चीत माणूस आणि प्रत्येक माणूस रस्त्याच्या टोकाकडं बघत. आमच्या गावात घरोघरच्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर मागं ऑइलपेंटनं नाव घातलेलं असतं, म्हणजे कुणाच्या लग्नाला गेलेली खुर्ची परत आपल्याच घरी येते. मोमीन. ढवळे. साळी. कोरे. रोज बघून बघून त्या नावांकडं लक्षही जात नव्हतं.

शेवटी वाघमोडे अण्णा. निळी खुर्ची, मागं नाव नाही. अण्णा एस.टी.त वाहतूक नियंत्रक होते. स्टँडवरच्या खिडकीत बसून तीस वर्षं त्यांनी गाड्यांना आत घेतलं आणि बाहेर सोडलं. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली तरी खिशाला मार्कर पेन आणि मनगटाच्या आतल्या बाजूला घड्याळ.

"अण्णा, अकरा वाजत आले हो."

"दहा अठ्ठेचाळीस," ते घड्याळ न बघता म्हणाले. "दोन तास अठरा मिनिटं उशीर. आमच्या वेळी असं झालं असतं तर डेपो मॅनेजरनं चालकाला उलटा टांगला असता."

तेवढ्यात गाडी आली. पांढरीशुभ्र, धुतलेली, चाकांनासुद्धा काळं पॉलिश आणि तोंडावर झेंडूचा हा एवढा मोठा हार. आत आधीच सहा जण कोंबलेले. नानी आणि कोरे काकू एकाच स्ट्रेचरवर कडेला बसलेल्या.

"महादू, लग्नाला निघालास का रे?" अण्णा गरजले.

ड्रायव्हर बिचारा हात जोडूनच उतरला. "अण्णा, माझ्यावर नका ओरडू. शेठनी तिन्ही गाड्या पहाटे धुवून घेतल्या आणि नगरपरिषदेसमोर लाइनीत लावायला सांगितल्या. नगराध्यक्षा मॅडमना आत जाताना दिसल्या पाहिजेत म्हणाले. आत्ता कुठं एक सोडली."

अण्णा उठले, खुर्ची उलटी केली, तिच्यावर वाकून खुडबुड केली आणि परत सरळ करून ठेवली. मला वाटलं, पाय हलत असेल, तपासतात. मग महादूचा हात धरून गाडीत चढले. दार लागलं. हार डुलवत गाडी गेली.

रस्त्यावर निळी खुर्ची तेवढी राहिली.

मी तिच्याकडं बघत उभी राहिले. तिच्यावर अजून कुणीतरी बसलंय असंच वाटत होतं. आणि मग मी सायकल अशी वळवली की चेन पडली, ती बसवली, हात काळे झाले, ते स्कर्टला पुसले आणि मोमीन गल्लीपर्यंत उभ्यानं पॅडल मारत गेले. आफरीन दप्तर घेऊन दारातून बाहेर पडत होती. आफरीन म्हणजे नानींची नात आणि आमच्या संघाची कॅप्टन.

"आफरीन, नानीची खुर्ची उचल."

"का?"

"आधी उचल."

"प्रांजल, तू ओरडलीस माझ्यावर?" तिनं डोळे मोठे केले. "तू?"

"उचल गं!"

तिनं उचलली. चौकात आमच्या संघातल्या तिघी शाळेला निघालेल्या भेटल्या. आफरीन त्यांना नुसतं "चला" म्हणाली, त्या चालल्या. कॅप्टन असल्याचा हा फायदा. घरांतून विचारायचे, "खुर्ची कुठं नेताय गं?" आणि आफरीन ठोकून द्यायची, "संध्याकाळी आणून देतो काकू!" दोन माझ्या कॅरिअरला बांधल्या. अण्णांची मी डोक्यावर घेतली. सात खुर्च्या, पाच पोरी.

नगरपरिषदेसमोर हिंगमिरेंच्या उरलेल्या दोन गाड्या हार घालून उभ्या होत्या, मधे तिसरीची मोकळी जागा. जिन्यावर तोच शिपाई आडवा आला.

"ए, खुर्च्या कुणी मागवल्या?"

मी आफरीनकडं बघितलं. तिची पापणीही लवली नाही. "वरून मागवल्यात काका. आत कमी पडल्यात."

"कधी वेळेवर सांगत नाहीत," तो पुटपुटला आणि त्यानं स्वतः दार उघडून दिलं.

आत मंचावर तिघं बसले होते. मधे नगराध्यक्षा, शेजारी मुख्याधिकारी, पलीकडं आरोग्य सभापती. एका बाजूला हिंगमिरे शेठ अत्तर लावून, दुसऱ्या बाजूला आई, पिशवी घट्ट धरून. आणि वकील अगदी रंगात आले होते.

"...मॅडम, एकही रुग्ण इथं तक्रार घेऊन आलेला नाही. एकही! मग गरज कसली? आणि तत्परता म्हणाल, तर आपण स्वतः बघितलंत. आमच्या अशिलांच्या तिन्ही गाड्या सकाळी साडेआठच्या आधीपासून आपल्या दारात सज्ज उभ्या होत्या."

ठाप. माझ्या हातातून खुर्ची खाली आली. मग दुसरी, तिसरी. पोरींनी सातही खुर्च्या मंचासमोर ओळीनं मांडल्या.

"प्रांजल!" आई एवढंच बोलली.

"हे काय चाललंय?" नगराध्यक्षांनी चष्मा काढला. "गॅदरिंग आहे का?"

सगळे माझ्याकडं बघत होते. आफरीननं पाठीत कोपर मारलं. कबड्डीत चढाईला पाठवताना मारतात तसं.

"मॅडम," मी म्हणाले. आवाज आला नाही. मी श्वास घेतला, पोटापासून. "मॅडम, या साक्षीदार आहेत."

वकील हसले. "मंडपवाल्याकडं जा बाळ, दोनशे साक्षीदार मिळतील."

सभागृहात हशा पिकला. आणि त्या हशानं काय झालं कोण जाणे, माझ्या घशातलं काहीतरी सटकन निघालं.

"मंडपवाल्याच्या खुर्चीवर माणसाचं नाव नसतं," मी म्हणाले. "वाचा ना. ही मोमीन. शरीफा नानी यावर बसतात. ही ढवळे. ही साळी, दोन्ही. ही बाबर गुरुजींची..."

"बाबर गुरुजी?" आरोग्य सभापती पुढं झुकले. "गुरुजी डायलिसिसला असतात?"

"सात महिने झाले. सोमवार, बुधवार, शुक्रवार. आजची सुनावणी बुधवारी ठेवली म्हणून ते आले नाहीत. म्हणून खुर्ची आलीय. ही कोरे. आणि ही वाघमोडे अण्णांची."

"त्यावर नाव दिसत नाही," वकील लगेच म्हणाले.

"खाली असेल," आई म्हणाली. शाळेच्या गाडीमुळं घरोघरच्या खुर्च्या तिला माहीत. "काही लोक खाली घालतात."

मी खुर्ची उलटी केली.

नाव होतंच. पण नावाच्या खाली, बैठकीच्या खालच्या सगळ्या निळ्या भागावर, चारी पायांच्या आतल्या बाजूला, मुंगीएवढ्या अक्षरांत मार्करनं लिहिलेलं. रेघा मारून रकाने पाडलेले. मी वाकून बघतच राहिले, तर मुख्याधिकारी म्हणाले, "काय आहे? वाच."

"तारीख. नियोजित. प्रत्यक्ष. शेरा," मी वाचलं. मग मला कळलं आणि मी वाचतच सुटले. "तीन तारीख. नियोजित आठ तीस. प्रत्यक्ष दहा पस्तीस. शेरा, चालक म्हणतो गल्लीत गाडी वळत नाही. पाच तारीख. प्रत्यक्ष अकरा दहा. शेरा, चार रुग्ण, आसने दोन. सात तारीख. प्रत्यक्ष, आली नाही. शेरा, फेरी रद्द. रिक्षाने गेलो. खड्ड्यांमुळे शरीफाबींना दोनदा उलटी."

कुणी हसत नव्हतं. पाच महिन्यांचं होतं ते सगळं. अण्णा तीस वर्षं गाड्यांची नोंद ठेवत आले होते, हाताला राहवलं नसेल. मी पायाच्या आतल्या बाजूला आले, सगळ्यात शेवटच्या ओळीवर. माझ्या काळ्या बोटाला तिथली शाई लागली.

"आजची तारीख," मी म्हणाले. "नियोजित आठ तीस. प्रत्यक्ष दहा पन्नास. शेरा, गाड्या नगरपरिषदेसमोर हार घालून उभ्या असल्याचे समजते."

"हरकत आहे!" वकील उठले. "हे काय, कुणीही काहीही खरडेल. ही वेळ खरी कशावरून?"

"तुमच्यावरून," मी म्हणाले.

"काय?"

"तुम्हीच म्हणालात ना आत्ता? तिन्ही गाड्या साडेआठच्या आधीपासून इथं दारात उभ्या होत्या." मी खुर्ची सरळ केली आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. "मग साडेआठला अण्णांना न्यायला कुठली गाडी गेली?"

वकिलांनी हिंगमिरेंकडं बघितलं. हिंगमिरेंनी खिडकीकडं. नगराध्यक्षांनी चष्मा परत घातला आणि त्या सावकाश म्हणाल्या, "मी नऊला आले. तिन्ही उभ्या होत्या. मी कौतुकसुद्धा केलं, काय चकचकीत ठेवल्यात म्हणून." मग त्यांचा आवाज बदलला. "हिंगमिरे, माणसं रस्त्यावर बसलेली आणि तुम्ही मला गाड्या दाखवत होतात?"

"मॅडम, ते आपल्या सन्मानासाठी..."

"बसा खाली."

मग त्या आईकडं वळल्या. "अर्जदार बाई, तुम्हाला काही सांगायचंय?"

मला वाटलं, आता आई अडखळणार. सकाळपासून पाठ केलेलं सगळं त्या पिशवीत होतं. आईनं पिशवी निळ्या खुर्चीवर ठेवली आणि मोकळ्या हातांनी उभी राहिली.

"एवढंच सांगायचंय मॅडम, माझी गाडी साडेआठची साडेआठला येईल. गल्लीत वळत नसली तर मी उतरून दारापर्यंत जाईन. आणि हार मी फक्त दसऱ्याला घालते."

आरोग्य सभापतींनी आधी बाक वाजवला. मुख्याधिकाऱ्यांनी जागच्या जागी लिहून घेतलं. अर्ज मंजूर. हरकत फेटाळली. हिंगमिरेंचा परवाना राहिला, पण सहा महिने दर फेरीची वेळ नगरपरिषदेला कळवायची अट घालून. आफरीननं मला उचललं, मी तिच्या खांद्यावरून आईला शोधत होते, आणि आई कुठं? आई हातानं त्या खुर्च्या एकात एक घालत होती.

"आधी या परत द्यायच्या," ती म्हणाली. डोळे लाल, पण हसत होती. "पाचला माणसं परत येतील. बसतील कशावर?"

सातही खुर्च्या आम्ही मिरवत नेल्या. आई सगळ्यात पुढं, शरीफा नानींची हिरवी खुर्ची डोक्यावर घेऊन. बाजारपेठेतून लोक विचारत होते, "वैजयंताताई, निवडून आलात का काय?" आणि आफरीन ओरडायची, "बिनविरोध!" दुसऱ्या दिवशी शाळेत आम्हा पाचजणींना तासभर वर्गाबाहेर उभं केलं. माझ्या आयुष्यात इतका छान तास दुसरा झाला नाही. त्याच आठवड्यात सरांनी मला राखीवमधून आत घेतलं.

परवाना शनिवारी हातात पडला. सोमवारी सकाळी ताडपत्री काढली, कोंबड्या हाकलल्या, आणि मी आईच्या शेजारी बसले. नानींना घेतलं. त्या खालच्या पायरीवर पाय ठेवून त्या इतक्या सहज वर आल्या की परत उतरून पुन्हा एकदा चढून बघितलं. बाबर गुरुजी, कोरे काकू, एकेकाला घेत शेवटी अण्णांच्या दाराशी आलो.

अण्णा निळ्या खुर्चीत बसले होते. गाडी थांबली. त्यांनी मनगट वळवून घड्याळ बघितलं. उठले. खुर्ची उलटी केली, खिशातून मार्कर काढला आणि वाकून लिहायला लागले.

"अण्णा, चांगलं लिहा हो!" आई खिडकीतून म्हणाली. "पहिली फेरी आहे."

अण्णा लिहीतच राहिले. मी उतरून त्यांच्या खांद्यावरून वाचलं.

नियोजित ८.३०. प्रत्यक्ष ८.२७. शेरा: गाडी वेळेआधी आली. अशाने प्रवासी चुकतो. चालकास समज देण्यात यावी.

मी ते मोठ्यानं वाचलं. गाडीत नानी हसून हसून खोकायला लागल्या. आईनं दोन्ही कान पकडले, "चुकलं साहेब," म्हणाली आणि इंजिन बंद केलं.

अण्णांनी खुर्ची सरळ केली आणि परत तिच्यात बसले. आम्ही सगळे वाट बघत थांबलो.

"निघायचं?" थोड्या वेळानं मी विचारलं.

"अजून एक मिनिट," अण्णा म्हणाले.